क्षमतेचं वाक्य कसं वाचावं: वॉरहॅमर 40,000 च्या नव्या खेळाडूंसाठी

वॉरहॅमर 40,000 हा छोट्या बाहुल्यांच्या (मॉडेल्सच्या) सैन्यांचा टेबलावरचा युद्धखेळ शिकायला बसलं की चाल, नेमबाजी, चार्ज आणि हातघाई हा क्रम दोन-तीन खेळांत अंगवळणी पडतो. अडतं ते त्याच्या पुढे. प्रत्येक युनिटच्या, म्हणजे एकत्र लढणाऱ्या मॉडेल्सच्या गटाच्या, डेटाशीटवर (माहितीपत्रकावर) त्याच्या स्वतःच्या क्षमता असतात, एकेका वाक्यात लिहिलेल्या. अशा दोन क्षमता समोरासमोर आल्या की खेळ थांबतो. एक जण म्हणतो, "असं कसं असेल?" आणि दुसरा म्हणतो, "लिहिलंय तसंच आहे." आपल्याकडे बरेच जण हा खेळ घरच्या टेबलावर, दोन-तीन मित्रांत शिकतात. विचारायला कुणी जाणता खेळाडू शेजारी नसतो आणि नियम मराठीत मिळत नाहीत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: कुठलीही क्षमता वाचताना ती "काय देते" हे बघण्याआधी ती कुठल्या क्षणाला आणि कुठल्या फाशाला चिकटलेली आहे ते शोधा. बहुतेक वाद एवढ्यानेच मिटतात. उरलेल्यांसाठी आधी दिलेले निवाडे कामाला येतात, पण ते वापरायचीही एक रीत आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

खेळ नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा, पहिली आवृत्ती 1987 ची. खाली दिलेली उदाहरणं जून 2023 मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीतली आहेत. तुमच्या टेबलावर दुसरी आवृत्ती असेल तर आकडे आणि शब्द त्या पुस्तकातून घ्या. वाचायची पद्धत मात्र हीच ठेवा.

पायरी 1: आधी योग्य कागद समोर ठेवा

निम्मे वाद जुना कागद वाचल्यामुळे होतात. दहाव्या आवृत्तीत पाच गोष्टी हाताशी हव्यात: मूळ नियम म्हणजे कोअर रूल्स, शब्दांचे अर्थ आणि अडचणीच्या जागा उलगडणारी रूल्स कॉमेंटरी, तुमच्या सैन्याचं नियमपुस्तक म्हणजे कोडेक्स, त्या कोडेक्सच्या दुरुस्त्या आणि सैन्यांचा समतोल राखायला वेळोवेळी येणारी बॅलन्स डेटास्लेट. पॉइंट्ससाठी, म्हणजे प्रत्येक युनिटच्या खेळातल्या किमतीसाठी, म्युनिटोरम फील्ड मॅन्युअल बघायचं. कोडेक्समध्ये पॉइंट्स छापलेले असले तरी ते जुने झालेले असतात. कोअर रूल्स, कॉमेंटरी, दुरुस्त्या आणि डेटास्लेट कंपनी फुकट उपलब्ध करून देते, तेव्हा ते मोबाइलवर उतरवून ठेवायला काहीच हरकत नाही.

यांच्यात विसंगती दिसली तर दुरुस्तीचा आणि डेटास्लेटचा शब्द छापील पुस्तकाच्या वर. डेव्हास्टेटिंग वूंड्स या क्षमतेचंच बघा. आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यामुळे शस्त्राच्या डॅमेजइतक्या मॉर्टल वूंड्स, म्हणजे बचावाचा फासा न मिळणाऱ्या जखमा, लागायच्या आणि त्या एका मॉडेलवरून दुसऱ्यावर सांडायच्या. एका फटक्यात अर्धं युनिट साफ व्हायचं. सप्टेंबर 2023 मध्ये, म्हणजे तीन महिन्यांतच, तिचा मजकूर बदलला आणि ते सांडणं बंद झालं. ज्याने फक्त जूनचं पुस्तक वाचलंय तो प्रामाणिकपणे चुकीचा नियम सांगत असतो. म्हणून वाद घालण्याआधी एकमेकांच्या कागदाची तारीख विचारा. त्यात कुणाचा अपमान नाही.

पायरी 2: वाक्याचे चार तुकडे करा

स्ट्रॅटेजम, म्हणजे कमांड पॉइंट मोजून वापरायची खास चाल, कशी छापलेली असते ते बघा. केव्हा, कोणावर, परिणाम काय आणि बंधन काय, असे चार रकाने असतात. डेटाशीटवरची क्षमता एका सलग वाक्यात असते, पण तिच्या पोटात हेच चार रकाने दडलेले असतात. ते हाताने वेगळे करायची सवय लावा. सुरुवातीला खरोखर कागदावर लिहा.

"कोणावर" या रकान्यात नवखे सर्वांत जास्त अडखळतात. "हे मॉडेल", "या युनिटमधली मॉडेल्स" आणि "सहा इंचांच्या आतली आपली युनिट्स" या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. लीडर एखाद्या पथकाला जोडला की दोघांचं मिळून एकच युनिट होतं. आता लीडरच्या डेटाशीटवर "हे मॉडेल" असं लिहिलं असेल तर फायदा त्याला एकट्याला. "हे मॉडेल युनिटचं नेतृत्व करत असताना त्या युनिटमधली मॉडेल्स" असं असेल तर सगळ्यांना, आणि लीडर मेला की तो फायदा जातो.

स्टेल्थचं वाक्य याच कारणासाठी नीट वाचावं लागतं. युनिटमधल्या प्रत्येक मॉडेलकडे ही क्षमता असेल तर त्या युनिटवर दुरून होणाऱ्या हल्ल्याच्या हिट रोलमधून, म्हणजे हल्ला लागला का हे ठरवणाऱ्या फाशातून, एक वजा होतो. "प्रत्येक" हा शब्द इथे सगळं ठरवतो. दहा जण स्टेल्थवाले आणि त्यांना जोडलेला लीडर स्टेल्थशिवायचा, तर अकरा जणांच्या युनिटला स्टेल्थ नाही. बरेच जण इथे म्हणतात की लीडर मागे लपलाय, मग गोळ्या तर पुढच्यांवरच येतायत ना! नियम तसं विचारत नाही. तो विचारतो, प्रत्येक मॉडेलकडे आहे का? नाही. संपलं. डीप स्ट्राइक, इन्फिल्ट्रेटर्स, स्काउट्स आणि फाइट्स फर्स्ट या क्षमतांनाही हीच अट आहे, म्हणून सैन्य जमवतानाच, लीडर कुणाला जोडायचा हे ठरवताना, या ओळी वाचून घ्या. टेबलावर कळलं तर उशीर झालेला असतो.

"केव्हा" या रकान्यात "तुमच्या शूटिंग फेजमध्ये" (पाळीतल्या नेमबाजीच्या टप्प्यात) आणि "या युनिटने दुरून हल्ला केला की प्रत्येक वेळी" यांतला फरक ओळखा. पहिली क्षमता फक्त तुमच्या पाळीत चालते, दुसरी समोरच्याच्या पाळीत गोळी झाडली तरी चालते. बंधनाच्या रकान्यात "पाळीत एकदा", "फेरीत एकदा" आणि "लढाईत एकदा" असे तीन प्रकार येतात. लढाईत पाच फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत दोघांची एकेक पाळी, म्हणजे यांतलं अंतर एकदा वापरण्यापासून दहादा वापरण्यापर्यंत जाऊ शकतं.

पायरी 3: क्षमता कुठल्या फाशाला चिकटलेली आहे ते शोधा

इथे जरा रेंगाळू, कारण खरी गंमत इथेच आहे.

हल्ल्याचा क्रम ठरलेला आहे. आधी हिट रोल, मग वूंड रोल (जखम झाली का), मग हल्ला कुठल्या मॉडेलवर जातो ते ठरतं, मग बचावाचा फासा म्हणजे सेव्ह, आणि शेवटी डॅमेज, म्हणजे किती वूंड्स जातात ते. शस्त्रांच्या जवळजवळ सगळ्या क्षमता यांतल्या एखाद्या टप्प्याला बांधलेल्या असतात. टप्पा झालाच नाही तर क्षमतेला पकडायला काही राहत नाही.

टॉरेंट घ्या. आगीचा फवारा मारणाऱ्या शस्त्रांवर ही क्षमता असते आणि तिचा अर्थ, हल्ला आपोआप लागतो. म्हणजे हिट रोल होतच नाही. आता त्याच शस्त्राला कुठून तरी लीथल हिट्स मिळाली. लीथल हिट्स सांगते की क्रिटिकल हिट पडली तर वूंड आपोआप होते. क्रिटिकल हिट म्हणजे हिट रोलवर बदल न केलेला सहा. पण फासा टाकलाच नाही तर सहा येणार कुठून? म्हणून टॉरेंटच्या शस्त्राला लीथल हिट्सचा काडीचाही उपयोग नाही, आणि क्रिटिकल हिटला जादा हिट देणाऱ्या सस्टेन्ड हिट्सचाही नाही. नवख्याला हे अन्यायाचं वाटतं: एवढी भारी आग, आणि तिला फायदा नाही? पण दुसऱ्या बाजूने बघा. फायर ओव्हरवॉच या स्ट्रॅटेजमने समोरच्याच्या पाळीत गोळीबार करता येतो, मात्र तेव्हा बदल न केलेला सहा पडला तरच हिट धरतात. ही अटही हिट रोलला बांधलेली आहे. फवाऱ्याच्या शस्त्राला हिट रोलच नाही, म्हणून त्याला ही अट लागत नाही आणि त्याचा प्रत्येक हल्ला लागतो. एकाच वाचनाने एकीकडे तोटा आणि दुसरीकडे फायदा होतो. वाचन बरोबर असल्याची खूण मला यातच दिसते, कारण आपण आपल्या सोयीने अर्थ वाकवलेला नाही.

आता फाशांनिशी एक उदाहरण करू. शस्त्राला लीथल हिट्स आणि सस्टेन्ड हिट्स 1 या दोन्ही क्षमता आहेत, तीन किंवा जास्त पडलं की हिट, आणि हल्ले दहा. फासे पडले: 6, 6, 5, 4, 4, 3, 2, 2, 1, 1. पहिले सहा लागले. त्यांतले दोन क्रिटिकल. लीथल हिट्समुळे त्या दोन्हींची वूंड आपोआप झाली, म्हणून ते दोन फासे उचलून बाजूला ठेवा. सस्टेन्ड हिट्समुळे प्रत्येक क्रिटिकलला एक जादा हिट मिळाली, म्हणजे दोन. या जादा हिट्स कुठल्याही फाशावर सहा पडून आलेल्या नाहीत, त्या साध्या हिट्स आहेत. म्हणून त्यांना वूंड रोल करावा लागतो. उरलेल्या चार साध्या हिट्स आणि या दोन मिळून सहा फासे वूंडसाठी टाका. बाजूचे दोन वूंड झालेलेच आहेत.

याच शस्त्राला डेव्हास्टेटिंग वूंड्सही असती तर? ती क्षमता क्रिटिकल वूंडवर चालते, आणि क्रिटिकल वूंड वूंड रोलच्या सहावर पडते. बाजूला ठेवलेल्या दोन फाशांचा वूंड रोल झालाच नाही, तेव्हा त्यांना डेव्हास्टेटिंग वूंड्सचा लाभ नाही. फक्त त्या सहा फाशांतून पडणाऱ्या सहाला आहे. म्हणजे दोन चांगल्या क्षमता एकत्र आल्या आणि एकीने दुसरीची वाट अडवली. समोरचा खेळाडू "दोन्ही आहेत ना, मग दोन्हींचा फायदा" असं म्हणाला तर त्याला हा क्रम दाखवा.

अँटी नावाची क्षमता याच जागी बसते. अँटी-इन्फन्ट्री 4+ असेल तर पायदळावर बदल न केलेल्या चार किंवा जास्त पडलेल्या वूंड रोलला क्रिटिकल वूंड म्हणतात. तिच्या जोडीला डेव्हास्टेटिंग वूंड्स आली की अर्धे फासे भयानक होतात.

सेव्हच्या टप्प्यावर एक गोष्ट हमखास चुकते. "कुठलाही सेव्ह घेता येणार नाही" असं एखाद्या क्षमतेत लिहिलेलं असलं की लोक फील नो पेनही काढून घेतात. फील नो पेन हा सेव्ह नाही. मॉडेल एक वूंड गमावणार असतं त्या क्षणी ती वाचवायला तो फासा टाकायचा असतो, सेव्हच्या पुढच्या टप्प्यावर. मॉर्टल वूंड्समुळे जाणाऱ्या वूंडवरही तो चालतो. एका मॉडेलकडे दोन ठिकाणांहून फील नो पेन आली असेल तर मात्र कुठली तरी एकच वापरायची.

पायरी 4: "बदल न केलेला" म्हणजे काय, आणि हिशेबाचा क्रम

बदल न केलेला आकडा म्हणजे फाशावर दिसतो तो. पुन्हा टाकायची मुभा असेल तर पुन्हा टाकल्यावर दिसतो तो, पण अधिक-उणे करण्याआधीचा. हेवी शस्त्रवाला जागेवर उभा राहिला तर त्याच्या हिट रोलमध्ये एक मिळवतात. त्याने पाचाचा सहा झाला तरी ती क्रिटिकल हिट नाही. फासा पुन्हा टाकायचा तो अधिक-उणे करण्याच्या आधी, आणि कुठलाही फासा एकदाच पुन्हा टाकता येतो, मुभा कितीही ठिकाणांहून मिळालेली असो.

हिट रोलवरच्या सगळ्या अधिक-उण्याची बेरीज अधिक एकच्या वर किंवा उणे एकच्या खाली जात नाही. हेवीचा अधिक एक, स्टेल्थचा उणे एक, आणखी कुठला तरी उणे एक: एकूण उणे एक. मर्यादा शेवटच्या बेरजेला आहे, एकेका क्षमतेला नाही.

शस्त्रांचे गुण बदलताना भागाकार, मग गुणाकार, मग बेरीज, मग वजाबाकी, आणि अपूर्णांक सगळ्यात शेवटी वरच्या पूर्णांकात न्यायचा. हा क्रम कोरडा वाटतो, पण नेक्रॉन सैन्यातल्या क'तानसमोर तो खेळ फिरवतो. क'तानवर हल्ला आला की त्याचा डॅमेज निम्मा होतो. मेल्टागनचा डॅमेज एक फासा, आणि मेल्टा 2 मुळे निम्म्या पल्ल्यात, म्हणजे बारापैकी सहा इंचांच्या आत असलात तर, त्यात दोन मिळतात. फासा पडला पाच. आधी निम्मे करा: अडीच. मग दोन मिळवा: साडेचार. वर नेला की पाच. कुणी आधी दोन मिळवून सातचे निम्मे केले तर साडेतीन, म्हणजे चार. एका वूंडचा फरक पडला, आणि क'तान कधी कधी शेवटच्या एका वूंडवरच उभा असतो.

पायरी 5: अंतराचे शब्द

विदिन आणि व्होली विदिन हे दोन शब्द खेळात शेकडो वेळा येतात. विदिन म्हणजे बेसचा, मॉडेलच्या तळाच्या चकतीचा, कुठलाही भाग आत आला की पुरे. युनिटच्या बाबतीत एक मॉडेल आत असलं तरी युनिट आत. व्होली विदिन म्हणजे बेसचा प्रत्येक भाग, आणि युनिट असेल तर त्यातलं प्रत्येक मॉडेल. डेटाशीटवर यांतला कुठला शब्द आहे ते बोट ठेवून वाचा.

"जास्त" हा शब्द असाच महागात पडतो. डीप स्ट्राइकने, म्हणजे राखीव ठेवून नंतर थेट मैदानात, उतरणारं युनिट शत्रूच्या प्रत्येक मॉडेलपासून आडव्या अंतरात नऊ इंचांपेक्षा जास्त लांब हवं. बरोबर नऊ चालत नाही. कुणी म्हणेल, केसाएवढ्या फरकाने काय होतं? चार्जचं गणित करून बघा. एंगेजमेंट रेंज, म्हणजे हातघाईसाठी शत्रूच्या जितकं जवळ जावं लागतं ते अंतर, एक इंच. नऊपेक्षा केसभर लांब असाल तर आठ इंचांपेक्षा जास्त पळावं लागतं, म्हणजे दोन फाशांची बेरीज किमान नऊ हवी. 36 पैकी 10 शक्यता, साधारण 28 टक्के. बरोबर नऊवर उतरायची परवानगी असती तर आठ पुरले असते: 36 पैकी 15, म्हणजे जवळपास 42 टक्के. केसाएवढ्या फरकात एवढं मोठं अंतर लपलेलं आहे. म्हणून टेप लावताना समोरच्याला बघायला सांगा, आणि "जास्त" आणि "किमान" हे शब्द कधी सैल सोडू नका. आडव्या अंतरात हा शब्दही विसरू नका. शत्रू इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर उभा आहे म्हणून त्याच्या पायथ्याशी उतरता येत नाही.

पायरी 6: कुठला नियम वरचढ?

सामान्य नियमापेक्षा विशेष नियम बलवान. आपल्या संस्कृत व्याकरणात यालाच उत्सर्ग आणि अपवाद म्हणतात, आणि त्यातलं दुसरं अर्धं इथे जास्त उपयोगाचं आहे: अपवाद जेवढं बोलतो तेवढ्यापुरताच, बाकी सगळीकडे उत्सर्ग चालू राहतो. एखादी क्षमता म्हणाली की हे युनिट अ‍ॅडव्हान्स केल्यावरही (चालीत जादा धाव घेतल्यावरही) चार्ज करू शकतं, तर तिने अ‍ॅडव्हान्सनंतर चार्ज नको हा एकच नियम मोडला. अ‍ॅडव्हान्सनंतर गोळी झाडायची परवानगी तिने दिलेली नाही. ती हवी असेल तर शस्त्रावर अ‍ॅसॉल्ट शोधा.

दोन नियम एकाच क्षणी लागू होत असतील तर ज्याची पाळी चालू आहे तो क्रम ठरवतो. एकाच नावाचे दोन ऑरा (आसपासच्या युनिट्सवर परिणाम करणाऱ्या क्षमता) एका युनिटवर पडले तर परिणाम एकदाच. कव्हरचा (आडोशाचा) फायदाही दुप्पट होत नाही.

पायरी 7: आधीचा निवाडा कधी वापरावा

आता त्या जागा, जिथे शब्द नीट वाचूनही उत्तर मिळत नाही. तिथे खेळाडू दाखला शोधतात: अशाच दुसऱ्या क्षमतेबद्दल कंपनीने काय सांगितलंय? ही रीत चांगली आहे. मात्र दाखला उसना घेण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. शब्द तेच आहेत का, क्षण तोच आहे का, आवृत्ती तीच आहे का?

चांगला दाखला कसा असतो? तुमच्या मित्राने तुमच्या मूव्हमेंट फेजमध्ये फायर ओव्हरवॉच वापरलं. ते स्ट्रॅटेजम म्हणतं की युनिटने त्याची शूटिंग फेज असल्यासारखी गोळी झाडावी. मित्र म्हणाला, "शूटिंग फेज असल्यासारखी ना? मग माझी शूटिंग फेजमधली दुसरी स्ट्रॅटेजमही आत्ता वापरतो." तर्क वाईट नाही. पण रूल्स कॉमेंटरीत आउट-ऑफ-फेज नियमांची स्वतंत्र नोंद आहे. आपल्या वेळेबाहेर एखादी कृती करताना त्या फेजमध्ये एरवी सुरू होणारे इतर नियम वापरता येत नाहीत, असं ती सांगते, आणि फायर ओव्हरवॉच तिथे उदाहरण म्हणून दिलेलं आहे. नोंद मात्र ओव्हरवॉचपुरती नाही, वेळेबाहेर होणाऱ्या सगळ्याच चाली, गोळीबार, चार्ज आणि लढाईबद्दल आहे. म्हणून उद्या तुमच्या कोडेक्समध्ये समोरच्याच्या पाळीत गोळी झाडू देणारी एखादी नवी क्षमता दिसली तर तिलाही ही नोंद बेलाशक लावा. शब्द जुळतात, क्षण जुळतो, आवृत्ती तीच.

वाईट दाखला म्हणजे जुन्या आवृत्तीतली आठवण. डेथ गार्ड सैन्याची डिसगस्टिंगली रेझिलियंट ही क्षमता घ्या. 2017 मध्ये सुरू झालेल्या आठव्या आवृत्तीत तिच्यामुळे गेलेल्या प्रत्येक वूंडसाठी फासा टाकून पाच किंवा जास्तवर ती वाचवता यायची. नवव्या आवृत्तीच्या कोडेक्समध्ये नाव तेच ठेवून नियम बदलला: प्रत्येक हल्ल्याचा डॅमेज एकने कमी, पण एकाच्या खाली नाही. एक डॅमेजच्या शस्त्रांसमोर पहिली चांगली, दोन डॅमेजच्या शस्त्रांसमोर दुसरी. नाव बघून कुणी नियम सांगत असेल तर त्याला थांबवून मजकूर दाखवायला सांगा. ओव्हरवॉचचंही तसंच झालं. आठव्या आवृत्तीत चार्ज झालेल्या कुठल्याही युनिटला ते फुकट मिळायचं. आता त्याला कमांड पॉइंट मोजावा लागतो आणि पाळीत एकदाच वापरता येतं. जुने खेळाडू खेळाचा ठेवा असतात, त्यांच्याकडून डावपेच जरूर शिका. नियम मात्र चालू कागदातूनच घ्या.

गेम्स वर्कशॉपचाच दुसरा खेळ एज ऑफ सिग्मार. त्यातला दाखला इथे लागू नाही. शब्द सारखे दिसतात, त्यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत.

आणखी एक दाखला लोक विसरतात, तो गाळलेल्या शब्दांचा. एका क्षमतेत "मॉन्स्टर आणि व्हेइकल सोडून" असं लिहिलंय आणि दुसऱ्या, अगदी तशाच क्षमतेत ते नाही. तिथे लेखक विसरले असतील असं धरू नका. एकाच कोडेक्समध्ये शेजारच्या पानावर अट लिहिणाऱ्यांनी ती इथे लिहिलेली नाही, तेव्हा ती इथे नाही. दुरुस्ती आली तर आली, तोवर हेच वाचन धरा.

मोठ्या स्पर्धांचे आयोजक स्वतःची प्रश्नोत्तरं काढतात. वर्ल्ड टीम चॅम्पियनशिपची प्रश्नोत्तरं जगभर वाचली जातात आणि ती फार बारकाईने लिहिलेली असतात. त्यांचा अधिकार त्या स्पर्धेपुरता आहे. घरच्या खेळात दोघांना मान्य असतील तर जरूर वापरा, पण ते खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवा.

पायरी 8: टेबलावर अडलात तर

सगळ्यात उपयोगी सवय म्हणजे फासे टाकण्याआधी बोलणं. फासे पडल्यावर प्रत्येकाला आपला अर्थ जास्त खरा वाटतो. त्याआधी दोघंही मोकळ्या मनाने ऐकतात. मला या खेळात सगळ्यात जास्त आवडतात ते असे खेळाडू, जे आपला हेतू आधी सांगून टाकतात:

"हे टर्मिनेटर मी डीप स्ट्राइकने इथे उतरवतोय, तुझ्या सगळ्यांपासून नऊच्या बाहेर. टेप लावून बघ."

"त्या कोपऱ्यातल्याकडे बघ जरा. हां, बाहेर आहे."

"आणि तुझ्याकडे आत्ता ओव्हरवॉचला पॉइंट आहे ना?"

"आहे, पण वापरत नाही. ये तू."

एवढ्या चार वाक्यांत पुढच्या अर्ध्या तासाची भांडणं मिटलेली असतात. कुठलं मॉडेल कुठे आहे यावर दोघांचं एकमत झालं, आणि नंतर हात लागून मॉडेल जरा सरकलं तरी त्याचा वाद होत नाही.

तरीही अडलंच तर आधी डेटाशीट मोठ्याने वाचा, सांगू नका, वाचा. मग कोअर रूल्समधली व्याख्या, मग कॉमेंटरी. ती शब्दांच्या वर्णक्रमाने लावलेली आहे, म्हणून मनातल्या प्रश्नाने न शोधता डेटाशीटवरच्या नेमक्या शब्दाने शोधा. दोन-तीन मिनिटांत सापडलं नाही तर एक फासा टाका, एक ते तीन तुझं, चार ते सहा माझं, आणि खेळ पुढे न्या. प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि खेळ संपल्यावर दोघं मिळून शोधा. मिळालेलं उत्तर त्या खेळाच्या निकालाला मागे जाऊन लावायचं नाही, पुढच्या खेळापासून लावायचं. स्पर्धेत असाल तर फासा न टाकता सरळ हात वर करून पंचांना बोलवा आणि ते सांगतील ते माना.

पहिल्या आठवड्यासाठी काम

आपल्या सैन्यातली फक्त तीन युनिट्स निवडा. प्रत्येकाच्या प्रत्येक क्षमतेसाठी एक छोटं कार्ड करा. वर क्षमतेचं नाव, खाली चार रकाने: केव्हा, कोणावर, काय, बंधन. शस्त्राची क्षमता असेल तर पाचवा रकाना जोडा, कुठला फासा. मागच्या बाजूला कागदाची तारीख लिहा, म्हणजे नवी डेटास्लेट आली की कुठली कार्डं पुन्हा तपासायची ते कळेल. इंग्रजी मजकूर जसाच्या तसा उतरवा आणि त्याखाली आपल्या मराठीत एक ओळ लिहा. वाद झाला तर वरची ओळ वाचायची, खालची फक्त लक्षात राहण्यासाठी.

मग त्यांतली दोन-दोन कार्डं शेजारी ठेवून बघा, एक दुसरीचा फासा काढून घेते का. घेत असेल तर ती जोडी कार्डाच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहून ठेवा.